व्हिडिओ क्रमांक सात

मी एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा, मी त्यावर शिक्का मारून क्रमांक घालायचो, आणि तिथून पुढे तो कागद अधिकृतपणे जिवंत व्हायचा. अशा माणसाला एके दिवशी भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन घरी पाठवलं की तो काय करतो, याचा विचार वरच्या लोकांनी केलेला नसतो. चौथ्या महिन्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक द्यायला घेतले. सहाव्या डब्याला बायकोने मला गाठलं.

"अहो, ताईंच्या दुकानात का नाही जात? त्यांना जरा मदत होईल."

मदत नक्की कोणाला होणार होती हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण मी ते वाचलं नाही असं दाखवलं. शिवाय मला खरंच काहीतरी हवं होतं. सकाळचा चहा झाला की माझे पाय आपोआप हलायला लागायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचे नाहीत.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. चेन, रनर, चाकं, हँडल, उसवलेली शिवण, सगळं. दुकान इतकं अरुंद आहे की आत दोन माणसं असली तर वळताना आधी एकमेकांना कल्पना द्यावी लागते. या दुकानाचं एक पेज होतं, एक छोटी वेबसाइट होती, आणि दोन्हीकडे माझी भाची बघायची, म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. तिला परदेशात नोकरी लागली. दोनदा विमान बदलावं लागतं इतक्या लांब. ताईने तिच्या बॅगेला स्वतःच्या हाताने नवी चाकं बसवून दिली आणि निघायच्या दिवशी रागाच्या भरात म्हणाली, "जातेस ना? मग मला फोन करू नकोस."

आता कुठल्याही साध्या घरात या वाक्याचा अर्थ 'पोचल्या पोचल्या फोन कर' असाच होतो. पण आमच्या घराण्याला ऐकलेलं शब्दशः पाळायची वाईट खोड आहे. भाचीने फोन केला नाही. बोललेलं मागे कसं घ्यायचं हे ताईला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे तिनेही केला नाही. मी दुकानात जायला लागलो तेव्हा या गोष्टीला चार महिने होत आले होते. भाची मला अधूनमधून निरोप पाठवायची, "दुकान कसं आहे?" आणि मी उत्तर द्यायचो, "ठीक." दुकान म्हणजे तिला कोण अभिप्रेत आहे हे मला कळत होतं, पण पत्रव्यवहारात विचारलं तेवढंच सांगावं असा माझा शिरस्ता आहे.

जाण्याआधी तिने आईला पेज चालवायला शिकवायचा प्रयत्न केला होता. "मला नाही शिकायचं. जातेस तर तेही घेऊन जा," असं उत्तर मिळाल्यावर मामा निवृत्त झाला की कधीतरी दुकानात बसेलच, या हिशेबाने तिने माझ्यासाठी चौदा व्हिडिओ करून ठेवले. त्यात संगणकाचा पडदा दिसतो, पडद्यावर बाण फिरतो आणि मागून भाचीचा आवाज येतो. क्रमांक एक : पेज कसं उघडायचं. चार : फोटो कसा टाकायचा. सात : कामाच्या वेळा कशा बदलायच्या. अकरा : काही बिघडलं तर. व्हिडिओंना आधीच क्रमांक घातलेले बघून मला भाचीचा अभिमान वाटला.

मी एक जाड वही घेतली, रकाने आखले आणि कामाला लागलो. गल्ल्यावर गोंदाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा, व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, वहीत लिहायचं, पुन्हा लावायचा. भाचीचा आवाज अख्ख्या दुकानात घुमायचा. "मामा, घाई करू नकोस. आधी चष्मा लाव. लावलास? आता उजवीकडे वरती बघ. उजवीकडे, मामा." एकतीस वर्षं ज्याने साहेबांच्या चुका साहेबांच्या लक्षात न आणून देता दुरुस्त केल्या, त्याला उजवं-डावं शिकवलं जात होतं, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर. एक बाई तर आपली पर्स तशीच टाकून माझ्या खांद्यावरून बघायला लागल्या आणि "अहो, उजवीकडे" असं भाचीच्या आधी म्हणाल्या.

ताई आत मशीनवर बसलेली असायची. व्हिडिओ लागला की मशीन थांबायचं. मला वाटायचं, ताई किती समजूतदार, मला नीट ऐकू यावं म्हणून काम थांबवते.

पहिला अपघात फोटोचा झाला. व्हिडिओ चारमध्ये भाची सांगते की दुकानाचा मुख्य फोटो जवळून काढलेला असावा, चामडं आणि शिवण स्पष्ट दिसावी. मी एक उत्तम तपकिरी बॅग टेबलावर ठेवली, तिच्यावर वाकलो आणि बटण दाबलं. मोबाइलमध्ये दोन कॅमेरे असतात आणि त्यातला एक आपल्याकडे तोंड करून असतो, हे व्हिडिओ पाचमध्ये आहे. मी पाचवर पोचलो नव्हतो. पेजवर माझ्या टकलाचा अगदी जवळून काढलेला फोटो लागला, आणि तो दोन दिवस तिथे होता. खाली लोकांनी लिहिलं होतं, "चामडं जुनं आहे पण दम आहे." "मधोमध घडी पडली आहे, निघेल का?" एकाने विचारलं होतं, "असलाच तुकडा माझ्याकडे आहे, पॉलिश करून मिळेल का?" बायकोने मात्र फोटो बघताक्षणी ओळखलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन उगाचच खिडकी उघडली आणि लावली.

तरीही मी हार मानली नाही. हळूहळू पेजवर खऱ्या बॅगा दिसायला लागल्या, लोक चौकशी करायला लागले, आणि मला वाटलं की आता घडी बसली. तेव्हाच वेळांचा घोळ सुरू झाला.

दुकानाची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सात. एका मंगळवारी पेजवर ती दुपारी तीन ते साडेतीन दिसायला लागली. मला वाटलं, माझंच बोट लागलं असेल. व्हिडिओ क्रमांक सात लावला, भाची म्हणाली तसं केलं, वेळ दुरुस्त झाली. शुक्रवारी पुन्हा बिघडली. पुन्हा सात लावला. पुढच्या रविवारी तर कहर झाला. रविवारी दुकान बंद असतं, पण पेजवर 'रविवार, एक ते सव्वाएक' असं आलं, आणि पंधरा मिनिटांत हात धुवून घ्यायच्या इराद्याने अकरा माणसं बॅगा घेऊन बंद दुकानासमोर उभी राहिली. मला जेवणावरून उठून जावं लागलं. रस्त्यात उभं राहून मी अकराही बॅगांना क्रमांक देऊन त्या जमा करून घेतल्या. त्या गडबडीत मला थोडं बरं वाटलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

दर दोन-तीन दिवसांनी हेच. दर वेळी मी सात लावायचो. या व्हिडिओत एक दोष होता. तिसऱ्या मिनिटाला मागून ताईचाच आवाज येतो, "जेवायला ये गं, गार होतंय." भाची म्हणते, "आले आई, दोनच मिनिटं. तू बस." मग ताई काहीतरी पुटपुटते, भाची खुदकन हसते, आणि बाण पडद्यावर तसाच उभा राहतो. वहीत मी नोंद केली होती : मिनिट तीन ते तीन-चाळीस, विषयांतर. चौथ्या की पाचव्या वेळी मी तेवढा भाग पुढे ढकलायला गेलो तर आतून ताई म्हणाली, "पूर्ण लाव. मधलं काही सुटायचं."

"अगं, मधे काही नाहीये. तू तिला जेवायला बोलावतेस, एवढंच."

"तरी लाव. तुझं लक्ष नसतं, म्हणून तर पुन्हा पुन्हा बिघडतं."

मी पूर्ण लावला. पण माझ्या हातून बिघडत नाहीये हे सिद्ध करणं आता गरजेचं होतं, नाहीतर ताईचं दुकान माझ्यामुळे बसलं असं लोक म्हणाले असते. गिऱ्हाइकं चुकीच्या वेळी येऊन परत जात होती, आणि चौकातलं चप्पल दुरुस्तीचं नवं दुकान आता बॅगाही दुरुस्तीला घ्यायला लागलं होतं. माझी झोप कमी झाली. सकाळी उठल्या उठल्या मी आधी पेज बघायचो आणि मग डोळे पुसायचो.

शेजारचे औषधवाले म्हणाले, "हे हॅकिंग आहे. माझ्या मेव्हण्याच्या पेजवर कोणीतरी आठ दिवस उंटांचे फोटो टाकत होतं."

"मेव्हण्यांचा काय व्यवसाय?"

"दातांचे डॉक्टर आहेत."

"मग पुढे काय झालं?"

"पुढे काय? उंट थांबले. पण तोवर लोकांना सवय झाली होती."

रोगाचं निदान लगेच आणि उपचार काहीच नाही, ही औषधवाल्यांची पद्धत मला तेव्हा कळली. बायकोचं मत वेगळं होतं. ती म्हणाली, "बाहेरचा चोर दुकान लुटेल. दुकानाची वेळ बदलून तो काय करणार?" हा प्रश्न इतका बिनतोड होता की मी त्याचा राग धरला. शेवटी मी सगळ्या नोंदींची प्रत काढली, वर मुख्य पत्र जोडलं आणि पोलिसांच्या तक्रार निवारण कक्षात गेलो. खिडकीपलीकडच्या कारकुनाने फाइल उघडली, वजन केल्यासारखी वर उचलली आणि खाली ठेवली.

"काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"धमकी वगैरे?"

"नाही. सकाळी दहाची वेळ होती, ती कोणीतरी पहाटे चारची केली."

त्याने फाइल बंद केली. मग म्हणाला, "मग चारला उघडून बघा. चालेलही."

त्याने माझ्या अर्जावर शिक्का मारला, पण क्रमांक घातला नाही. मी तिथेच उभा राहून क्रमांकाची वाट बघितली. "झालं तुमचं," असं तो दोनदा म्हणाल्यावर मी निघालो. 

त्यानंतर आठवड्याने पेज चालवणाऱ्या कंपनीकडूनच निरोप आला. थोड्या दिवसांत कामाच्या वेळा एकोणीसदा बदलल्या गेल्यामुळे पेज तात्पुरतं थांबवण्यात येत आहे. दुकान खरोखर अस्तित्वात असल्याचा एक अखंड व्हिडिओ पाठवावा, ज्यात रस्ता, फलक, कुलूप उघडताना मालक आणि आतली अवजारं दिसावीत. हे वाचून ताई म्हणाली, "मी इथे वीस वर्षं बसलेय, ते अस्तित्व नाही का?" मी तिला समजावलं की अस्तित्व आणि अस्तित्वाचा पुरावा या दोन स्वतंत्र बाबी आहेत. मी आयुष्यभर लोकांना हेच समजावत आलो होतो, फक्त खिडकीच्या दुसऱ्या बाजूने.

पहिला व्हिडिओ परत आला : फलक वाचता येत नाही. खरंच येत नव्हता, कारण औषधवाल्यांनी उन्हासाठी लावलेलं कापड अर्ध्या फलकावर येत होतं. ते गुंडाळून दुसरा व्हिडिओ काढला. तोही परत आला : चित्रणात असंबंधित व्यक्ती आढळली. ती असंबंधित व्यक्ती म्हणजे औषधवाले. ताई कुलूप उघडत असताना ते मधेच आले होते आणि कॅमेऱ्याकडे बघून, "हे सगळं खरं आहे, मी साक्षीदार आहे," असं म्हणाले होते. एकतीस वर्षांत मी किती अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवले असतील, याचा हिशेब मी कधी ठेवला नव्हता. त्या दुपारी मला त्यातले दोन-तीन चेहरे आठवले आणि जेवण गेलं नाही.

तिसऱ्या वेळी मी शिडीच आणली. वरून रस्ता, रस्त्यावरून फलक, फलकावरून कुलूप, असा बेत होता. औषधवाल्यांना मी त्यांच्याच दुकानात बसवून ठेवलं आणि बाहेर न येण्याची शपथ घ्यायला लावली. ताई किल्ली घेऊन तयार उभी राहिली. मी शिडीच्या पाचव्या पायरीवर, एका हातात शिडी, एका हातात मोबाइल, आणि तेवढ्यात मोबाइल म्हणाला, जागा शिल्लक नाही. खाली माणसं जमायला लागली होती, शिडी हलत होती, त्यातून ऊन. मी घाईघाईने भाचीचे चौदाच्या चौदा व्हिडिओ पुसून टाकले. वहीत सगळं उतरवलेलं होतंच. मग अखंड चित्रण झालं, आणि इतकं सुबक झालं की दोन दिवसांत पेज परत मिळालं.

मी ती बातमी घेऊन जवळजवळ पळतच दुकानात गेलो. "ताई, सुटलो! आता एकही वेळ बदलू देत नाही मी. आणि ती रोजची कटकटही गेली. व्हिडिओ पुसून टाकले सगळे."

मशीन थांबलं.

"सातवासुद्धा?"

"सातवा तर सगळ्यात आधी."

 हातातल्या बॅगेची चेन ताईने एकदा उघडली, एकदा लावली. मग म्हणाली, "बरं," आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मी मनाशी म्हटलं, चला, एक प्रकरण निकाली निघालं. मी इतका खूश होतो की येताना बायकोसाठी फुलं घेतली, आणि ती बघून बायकोला काहीतरी बिघडलंय अशी शंका आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी औषधवाल्यांना त्यांच्या शपथेतून मुक्त करत होतो, तेव्हा माझा फोन वाजला. भाची होती. निरोप नव्हे, फोन. ती गेल्यापासूनचा पहिला.

"मामा, आईला काय झालंय? खरं सांग."

"काही नाही. ठीक आहे."

"ठीक म्हणू नकोस! पेजवर 'कायमचं बंद' असं आलंय. मला इथे आपोआप कळतं सगळं. वेळा बदलायच्या तेव्हा वाटायचं, तू शिकतोयस. दुकान कायमचं का बंद होईल? आई कुठे आहे?" तिला रडू आवरत नव्हतं.

 हॅकर शेवटी इथवर पोचला होता. "अगं, ती आत काम करतेय. मशीनचा आवाज येतोय मला. हे सगळं कोणीतरी बाहेरून करतंय, मी रीतसर तक्रार…"

"मामा," भाची म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम व्हिडिओतल्यासारखा सावकाश झाला, "बाहेरून नाही. मी आत्ताच बघितलं. आजचा बदल, आणि तुझ्या दुरुस्त्या सोडून आधीचे सगळे, दुकानाच्या फोनवरून झालेत."

दुकानाचा फोन ताईच्या मशीनशेजारी, रनरच्या डब्यात पडलेला असतो. तो तिच्याशिवाय कोणी उचलत नाही. मी औषधवाल्यांच्या दारात उभा राहिलो आणि डोक्यात एकेक कागद आपापल्या फाइलीत जाऊन बसला. मशीन का थांबायचं. फक्त वेळाच का बिघडायच्या. सातवाच का लावावा लागायचा. दीड महिना मी वही भरत होतो, आणि माझ्या पाठीमागे बसून, तेच व्हिडिओ ऐकून शिकून, ती बाई भाचीचं हसणं ऐकायला दर दोन-तीन दिवसांनी दुकानाची वेळ मोडत होती. आणि मी शिडीवर चढून ते हसणं पुसून टाकलं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, टकलाच्या फोटोच्या वेळीसुद्धा नाही.

मी फोन तसाच चालू ठेवून दुकानात गेलो, स्पीकर लावला आणि मोबाइल मशीनच्या पाट्यावर ठेवला. ताईने त्याच्याकडे बघितलं आणि हातातला दोरा तोडला.

"आई?" फोनमधून आवाज आला.

"हं."

"दुकान का बंद केलंस?"

"दुकान उघडंच आहे. पेज बंद केलंय."

"का पण?"

ताईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एक पाऊल मागे सरलो आणि बॅगांच्या ढिगाला धडकलो. "तुझ्या मामाने व्हिडिओ पुसून टाकले."

 पलीकडे भाचीने नाक ओढलं. "एवढंच ना? माझ्याकडे आहेत सगळे. आत्ता परत पाठवते."

"नको," ताई म्हणाली. "तोंडीच सांग."

मग तिने मोबाइल उचलून कानाला लावला, मला हाताने बाहेर जायची खूण केली, आणि मी उंबऱ्याबाहेर पडताच शटर आतून अर्ध्यावर ओढून घेतलं. खालच्या फटीतून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. "कुठे दाबू? उजवीकडे ना? दिसतंय गं मला, मी काय तुझा मामा आहे का," असं काहीतरी कानावर आलं, आणि मग आवाज इतका हळू झाला की पुढचं मला ऐकू आलं नाही. मी ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

तासाभराने एक गृहस्थ मोडक्या चाकाची बॅग ओढत आले. मी शटरसमोर आडवा उभा राहिलो.

"दुकान बंद आहे," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "बंद कसं? आत्ताच बघितलं मी. उघडं दाखवतंय."

मी बघितलं. खरंच दाखवत होतं. आतून ताईच्या हसण्याचा आवाज आला.

"दाखवू दे," मी म्हणालो. "तुम्ही उद्या या."